पदरी पडली ती जागा

योसेमिटीत तंबू कुठे ठोकावा, असं विचारणारे फोन मला दर उन्हाळ्यात येतात, आणि बहुतेक मे महिन्यात येतात. जुलैतल्या सहलीसाठी मे महिन्यात जागा विचारणं म्हणजे वऱ्हाड निघाल्यावर मुलगी कुठली बघावी असं विचारणं. जुलैचं जे काय व्हायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्येच होऊन गेलेलं असतं. तरीही मी सल्ला देतो. बे एरियात पुरेशी वर्षं काढलेल्या मराठी माणसाकडे तीन विषयांवरचा सल्ला कायम तयार असतो: घर कुठल्या शाळेच्या हद्दीत घ्यावं, ग्रीन कार्डाची रांग यंदा किती सरकेल आणि योसेमिटीत कुठे उतरावं. तिन्ही बाबतींत सल्ला देणाऱ्याच्या हातात काहीएक नसतं. फरक इतकाच, की पहिल्या दोन बाबतींत तो ते मान्य करतो.

योसेमिटीचं नाव निघालं की मात्र आमचा आवाजच बदलतो. ‘‘अप्पर पाइन्स घ्यायचं की नॉर्थ पाइन्स, ते बघा बुवा तुमचं तुम्ही,’’ असं आम्ही अशा थाटात म्हणतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्हीकडे आमच्या नावाची पाटी लावलेली आहे. वस्तुस्थिती अशी, की योसेमिटीत जागा आपण निवडत नाही. ती मिळते किंवा मिळत नाही. निवडायची असतात ती कारणं, आणि तीही जागा मिळाल्यावर.

आता हे असं का, ते थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातलं हे राष्ट्रीय उद्यान १८९० सालचं. क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे उपनगरांसकट मुंबई त्यात पाच वेळा मावेल. वर्षाला सुमारे चाळीस लाख माणसं येतात. २०१६ मध्ये तर पन्नास लाखांच्या वर आली होती. एवढ्या जागेत एवढी माणसं सहज मावली असती, पण सगळ्यांना उतरायचं असतं ते योसेमिटी व्हॅलीत. ही दरी सात-साडेसात मैल लांब आणि जेमतेम मैलभर रुंद. त्यात माणसांचाही फारसा दोष नाही. तीन हजार फूट सरळसोट उभा एल कॅपिटन, २,४२५ फुटांवरून कोसळणारा योसेमिटी फॉल्स आणि सुरीने अर्धा कापल्यासारखा हाफ डोम हे सगळं निसर्गाने त्या मैलभराच्या पट्ट्यातच मांडून ठेवलं. जरा पसरून मांडलं असतं तर आमची बरीच भांडणं वाचली असती.

या दरीत गाडी लावून तंबू ठोकता येईल अशी मैदानं तीन: अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स. तिन्ही मिळून जागा चारशेच्या आत. चौथं मैदान कॅम्प फोर, पण तो निराळाच पंथ आहे, त्याकडे नंतर येतो. पूर्वी नदीकाठी आणखी दोन मैदानं होती. १९९७ च्या जानेवारीत मर्सेड नदीला मोठा पूर आला, त्यात ती गेली. पूर ओसरला, पण माणसांचा ओघ काही ओसरला नाही. त्याच्याही आधी, १९७० सालच्या चार जुलैला, दरीतल्या स्टोनमन मेडोमध्ये जमलेल्या तरुणांची आणि घोड्यावरच्या रेंजरांची चांगलीच जुंपली होती. आता दरीत मारामारी होत नाही. ती पंधरा तारखेला सकाळी सात वाजता इंटरनेटवर होते.

पण त्याआधी बैठक होते. जानेवारीतला एखादा पावसाळी रविवार, चार कुटुंबं, पोहे, चहा, आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलेला लॅपटॉप. आमच्यातले बहुतेक जण इंजिनिअर असल्यामुळे एक्सेल उघडल्याशिवाय कुणाला आपली मतं सुचत नाहीत. प्रत्येक जागेचा नंबर एका रकान्यात, आणि पुढे सावली, उतार, नदीचं अंतर, शौचालयाचं अंतर, शेजार, गाडी लावायला वळण कसं आहे, असे रकाने वाढत जातात. त्यांना गुण दिले जातात. गुणांना वजन दिलं जातं. वजनावरून वाद होतात.

या वादात जन्मजात पक्ष आहेत. पहिला पक्ष कडव्या दरीवाल्यांचा. व्हॅली नसेल तर जाण्यातच अर्थ नाही, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणून झालं की ते पोह्यांकडे वळतात. दुसरा पक्ष नदीवाल्यांचा. यांना तंबूतून पाण्याचा आवाज आला पाहिजे. त्यावर ज्यांची मुलं लहान आहेत त्या आया एका सुरात ‘अजिबात नाही’ म्हणतात, आणि तो पक्ष तिथेच फुटतो. खरा अभ्यास असतो तो तिसऱ्या पक्षाचा. यांचं सगळं लक्ष शौचालयावर. रात्री दोन वाजता, डोक्याला बॅटरी बांधून, अंगावर शाल घेऊन आणि अंधारात अस्वल आहे की कचऱ्याचा डबा या विवंचनेत किती पावलं चालायची, हा प्रश्न त्यांना सगळ्या निसर्गापेक्षा मोठा वाटतो. पण फार जवळही नको. दार रात्रभर धाडधाड वाजतं, दिव्याचा उजेड थेट तंबूत येतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आपल्याच अंगणातून आडवा जातो. म्हणजे कानाला लांब आणि पायाला जवळ अशी जागा हवी. नकाशावर अशा जागा सापडतातही. एक्सेलमध्ये त्यांना हिरवा रंग दिला जातो.

चौथा पक्ष एकट्या वहिनींचा. त्या दर वर्षी बैठक संपत आली की शांतपणे विचारतात, ‘‘आपण हॉटेल का घेत नाही?’’

यावर एकदम शांतता पसरते. कारण उत्तर द्यायला एकच मुद्दा असतो, पैशांचा. तंबूच्या जागेला सध्या रात्रीचे ३६ डॉलर पडतात आणि दरीतल्या बऱ्या हॉटेलात त्याच्या दसपट. हे ऐकून वहिनी मान डोलावतात आणि त्यांची नजर हळूच गराजकडे वळते. तिथे आठ माणसांचा तंबू असतो (आठ माणसं त्यात मावतात, एकावर एक रचली तर). शिवाय हवेच्या गाद्या, त्या फुगवायचा पंप, पंप चार्ज करायची बॅटरी, दोन चुलींचा शेगडी-संच, चार कंदील, झोपायच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या आणि घडीच्या खुर्चीला अडकवायची घडीची छत्री. हे सगळं नीट बेरजेला घेतलं तर वहिनींना फाइव्ह स्टारमध्ये आठवडाभर ठेवता आलं असतं. बेरीज कुणी करत नाही. एक्सेल तेवढ्यासाठी नसतं.

मग येतो सहाचा नियम. एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं, लहान मुलं धरून. हा नियम करणाऱ्याने मराठी कुटुंबाचा विचार मोठ्या बारकाईने केला असावा. नवरा, बायको, दोन मुलं आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, बरोबर सहा. पण आई-बाबा आलेत म्हटल्यावर शिकागोची मावशीही येतो म्हणते. मावशीला नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणजे दोन जागा आल्या, त्याही शेजारीशेजारी हव्यात. एक्सेलमध्ये आणखी एक रकाना वाढतो.

आणि मग ती पंधरा तारीख उजाडते. जागा महिन्याच्या गठ्ठ्यांनी सुटतात: १५ फेब्रुवारीला सुटल्या की १४ जुलैपर्यंतच्या, १५ मार्चला सुटल्या की १४ ऑगस्टपर्यंतच्या. वेळ पॅसिफिकप्रमाणे सकाळी सातची. पावणेसातला स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लॅपटॉप आणि घरातले झाडून सगळे फोन मांडलेले असतात. एका बाजूला मुलांचे डबे भरणं चालू, दुसऱ्या बाजूला सेकंदकाटा. बाबांनी भारतात तत्काळच्या खिडकीवर उभी हयात घालवलेली असल्यामुळे ते मागे हात बांधून उभे राहतात आणि म्हणतात, ‘‘घाई करू नकोस, पण उशीरही करू नकोस.’’ सात वाजतात. बोट पडतं. त्याच क्षणी साइट विचारते, की तुम्ही यंत्रमानव तर नाही ना? ज्याचा जन्म यंत्रांना माणसासारखं बोलायला शिकवण्यात चालला आहे, तो माणूस घाम पुसत चित्रांतले सिग्नलचे खांब मोजू लागतो. तोवर तक्त्यात जिथे जिथे ‘ए’ (म्हणजे उपलब्ध) होता, तिथे तिथे ‘आर’ (म्हणजे राखीव) उमटू लागलेला असतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बघता बघता सगळा पडदा ‘आर’.

मग व्हॉट्सॲपवर संभाषण होतं ते असं:

‘‘मिळाली?’’

‘‘कार्टमध्ये आहे. पंधरा मिनिटं आहेत.’’

‘‘कुठली?’’

‘‘माहीत नाही. दिसली ती दाबली.’’

ते एक्सेल पुढच्या जानेवारीपर्यंत कुणी उघडत नाही.

इथून पुढे खरी मजा. आपल्याकडे पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणायची जी रीत आहे, तिचा एवढा मनःपूर्वक आचार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. अप्पर पाइन्स मिळालं तर लगेच सांगायला सुरुवात होते, की तेच सर्वांत सोयीचं. मिस्ट ट्रेलच्या तोंडाशी चालत जाता येतं, शटल जवळ, पार्किंगची कटकट नाही. हे सगळं खरं आहे. एवढंच, की तंबू इतके जवळजवळ असतात की शेजारच्या घोरण्याची भाषा नाही कळली तरी पट्टी कळते. नॉर्थ पाइन्स मिळालं तर ‘नदीशिवाय योसेमिटी म्हणजे काय!’ असं म्हणायचं, मग भले बैठकीत आपण नदीच्या विरोधात मत दिलेलं असो. या मैदानासाठी अलीकडे आगाऊ सोडतही निघू लागली आहे. आमच्यातले मुंबईकर त्या सोडतीत मोठ्या निष्ठेने अर्ज करतात आणि नंबर लागला नाही की त्यांना म्हाडाची आठवण येऊन माहेरी गेल्यासारखं वाटतं.

दरीत काहीच मिळालं नाही आणि वावोना मिळालं, तर मग दरीचीच लायकी काढावी लागते. वावोना दक्षिणेला, दरीपासून गाडीने पाऊण तास. तिथून मॅरिपोसा ग्रोव्ह जवळ, जिथे सिकोयाचे शेकडो महावृक्ष आहेत आणि त्यांतल्या काहींचं वय हजारोंच्या घरात आहे. ‘‘दरी काय, सगळेच बघतात. गर्दी नुसती! खरं योसेमिटी म्हणजे हे वृक्ष,’’ असं आमचे एक स्नेही सांगतात. ज्या वर्षी त्यांना लोअर पाइन्स मिळतं, त्या वर्षी हेच हजारो वर्षं उभे असलेले वृक्ष त्यांच्या बोलण्यातून समूळ उपटले जातात. हॉजडन मेडो पदरी पडलेल्यांचा युक्तिवाद तर मला फार आवडतो. हे मैदान बिग ओक फ्लॅटच्या फाटकातून आत शिरल्या शिरल्या लागतं. त्यांचं म्हणणं, ‘‘आपल्याला बे एरियाहून जवळ पडतं.’’ घरापासून लांब जायचं म्हणून चार तास गाडी हाणायची, आणि मग घराच्या जवळ पडतं म्हणून खूश व्हायचं.

टुआलमी मेडोजची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे मराठी स्वयंपाकाची कसोटी लागते. हे उद्यानातलं सर्वांत मोठं मैदान, ८,६०० फुटांवर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी अर्ध्याहून जास्त कळसूबाई ठेवली तर तेवढी उंची होईल. तिकडे नेणारा टायोगा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली असतो आणि बहुधा मे-जूनमध्ये उघडतो. जूनच्या शेवटी तिथे डास असे असतात, की टाळ्या वाजवत केलेली आरती दोन्ही कामं साधते. रात्री जुलैतही हुडहुडी भरते. या सगळ्यावर ‘केवढी शांतता!’ हे उत्तर तयार असतं. पण त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळू लागतं, आणि तूरडाळीला हे मान्य नसतं. तास झाला, दीड तास झाला, गॅसची नळकांडी संपत आली, तरी डाळ आपली दाताखाली कडक. अनुभवी घरं म्हणून कुकर बरोबर नेतात.

आता कॅम्पमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. आमच्या घरातल्या ज्येष्ठांना पाचला जाग येते. ते बिचारे सहापर्यंत कुकरवर नजर ठेवून बसून राहतात आणि सहा वाजून एक मिनिटाने शेगडी पेटते. सहा वाजून बारा मिनिटांनी पहिली शिट्टी होते. पाइनची झाडं, हिरवं कुरण, धुकं, दूरवर एखादं हरीण, आणि त्या सगळ्यावर ती मंगल शिट्टी. शेजारच्या तंबूची चेन उघडते, एक गोरा गृहस्थ विस्कटलेल्या केसांनी बाहेर डोकावतो आणि काळजीने विचारतो, ‘‘सगळं ठीक आहे ना?’’ त्याला सांगावं लागतं, की ठीकच आहे, पण अजून दोन व्हायच्यात.

कॅम्प फोर हा मघाशी म्हटलेला निराळा पंथ. प्रस्तरारोहकांची ही पंढरी. पुरानंतर तिच्या शेजारी नवी निवासस्थानं बांधायचं घाटत होतं, तेव्हा गिर्यारोहक कोर्टात गेले, आणि २००३ साली या धुळीच्या मैदानाचा देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत समावेश झाला. मैदानात एक भलामोठा दगड आहे, त्यावर खडूने काढलेली वीज आहे, आणि १९७८ मध्ये त्या विजेजवळून वर जाणारी वाट पहिल्यांदा सर झाली त्याची गोष्ट तिथला कुणीही न विचारता सांगतो. इथे गाडी आत जात नाही आणि एका जागेवरची सहा माणसं एकमेकांच्या ओळखीची असतीलच असं नाही. आमच्यातला एक जण, ज्याने कॉलेजात असताना नागफणीवरून दोराने उतरल्याचं आम्ही सगळ्यांनी पुष्कळदा ऐकलेलं आहे, तो इथे राहून आला. बरोबरचे दोघे परदेशी पोरगे रात्री अकरापर्यंत दगडातल्या एकाच भेगेबद्दल बोलत होते म्हणाला. सकाळी त्यांनी याला विचारलं, तू काय चढणार? याने डोंगराकडे बघून सांगितलं, आज विश्रांतीचा दिवस आहे.

ज्यांना तंबू नको आणि हॉटेल परवडत नाही, त्यांच्यासाठी मर्सेडच्या काठावर हाउसकीपिंग कॅम्प आहे. तीन बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर कनातीचं छप्पर आणि चौथ्या बाजूला पडदा. एका मित्राने आपल्या आईला मोठ्या कौतुकाने तिथे नेलं. आईने आत जाऊन तिन्ही भिंतींवरून हात फिरवला, पडदा सरकवून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘चौथीला पैसे पुरले नाहीत का रे?’’

ज्येष्ठांचं हे असंच असतं. सगळा खटाटोप त्यांच्यासाठी, आणि त्यांना त्यातलं काहीच पटत नाही. ‘‘घरी दोन पलंग रिकामे ठेवून इथे जमिनीवर झोपायचं, आणि वर त्याचे पैसे द्यायचे?’’ हा बाबांचा सवाल. आम्ही त्यांना निसर्ग, तारे, मोकळी हवा असं काहीबाही सांगतो. बाबा म्हणतात, ‘‘वाड्याच्या अंगणात आम्ही उन्हाळाभर हेच करत होतो. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे.’’

आणि मग लॉकर. जागा कुठलीही मिळो, प्रत्येक जागेवर अस्वलांपासून अन्न वाचवायला एक लोखंडी पेटी असते: ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल, १८ इंच उंच. ज्याला म्हणून वास आहे ते सगळं या पेटीत गेलं पाहिजे, असा नियम. नुसतं अन्न नव्हे. साबण, टूथपेस्ट, क्रीम, सगळं. तंबूत नाही, गाडीतही नाही. मोडलात तर दंड पाच हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकन कुटुंबाचं यात भागतं. पाव, चीज, दोन सॉसच्या बाटल्या आणि एक साबण, संपलं. पण ज्याला वास नाही असं मराठी घरात काय असतं?

गाडीची डिकी उघडते आणि एकेक वस्तू बाहेर येते. गोडा मसाला. लसणाची चटणी. मेतकूट. बाकरवडीची पाकिटं, चकल्यांचा डबा, थालीपिठाची भाजणी, लिंबाचं लोणचं, तूप. हिंगाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळून, त्याला रबर लावून पुन्हा स्टीलच्या डब्यात ठेवलेली असते आणि तरी तिचा पत्ता पार्किंगपर्यंत लागतो. मग आईंची हातपिशवी. तिच्यातून खोबरेल, निलगिरी, कापूर, उदबत्तीचा पुडा, सुंठीची पूड, आवळासुपारी आणि अमृतांजन. फेरीवर आलेल्या रेंजरबाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत असतात. मुलगा भाषांतर करतो. ‘‘आई, बाम पण त्यात टाकायचाय.’’

‘‘टाकते की. पण मी आत्ताच गुडघ्यांना चोळलाय. मग गुडघ्यांचं काय करू?’’

मुलगा तेही भाषांतर करून विचारतो. रेंजरबाई क्षणभर पेटीकडे बघतात, मग आईंकडे बघतात आणि निर्णय देतात, की गुडघे तंबूत चालतील.

पेटी भरणं हे एक शास्त्र आहे, आणि आमच्यातले इंजिनिअर ते मन लावून करतात. अर्ध्या तासात सगळं इंचाइंचाला बसतं. दार लावून, कडी घालून सगळे मागे सरून कौतुकाने बघत असतात, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, चहा टाकू या का? चहाचा डबा नेहमी सगळ्यात खाली आणि मागे असतो. रात्री त्या कडीचा खणखणाट अख्ख्या मैदानाला ऐकू जातो, त्यामुळे कुणाच्या घरात रात्री साडेअकराला चकल्या खातात ते सकाळी लपत नाही.

पण या नियमाला हसू नये. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे ग्रिझली अस्वल आहे ते या राज्यात आता उरलेलं नाही. १९२० च्या दशकातच ते संपलं. योसेमिटीत आहेत ती काळी अस्वलं, जी बहुतेक तपकिरी असतात. त्यांना आपल्यात रस नाही, आपल्या डब्यांत आहे. १९९८ साली त्यांनी गाड्या फोडल्याच्या, अन्न पळवल्याच्या आणि तत्सम दीड हजाराहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. पुढे पेट्या वाढल्या, नियम कडक झाले आणि हा आकडा नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आला. त्याच काळातला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ ते २००७ या वर्षांत अस्वलांनी फोडलेल्या गाड्यांचा त्यात हिशेब होता. निष्कर्ष असा, की अस्वलं वाट्टेल ती गाडी फोडत नाहीत. पार्किंगमध्ये ज्या प्रमाणात मिनीव्हॅन उभ्या असतात त्याच्या कितीतरी जास्त प्रमाणात ती मिनीव्हॅन फोडतात. संशोधकांनी संभाव्य कारणंही दिली आहेत, त्यांतलं एक असं, की मिनीव्हॅनमधून लहान मुलांची कुटुंबं येतात आणि मुलं सीटांच्या फटींत खाऊ सांडतात.

मी हा निष्कर्ष आमच्या बैठकीत वाचून दाखवला. बाहेर अंगणात चार कुटुंबांच्या चार मिनीव्हॅन उभ्या होत्या. वहिनींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘आपण हॉटेल का घेत नाही?’’

असो. मे महिन्यात फोन करणाऱ्यांना मी शेवटी काय सांगतो, तेही लिहून टाकतो, म्हणजे फोन तरी वाचतील. दरीत जागा मिळाली तर दरी घ्या, दुसरा विचार करू नका. बाकी सगळं आम्ही मनाच्या समाधानासाठी म्हणतो. ऑगस्टमध्ये जात असाल तर टुआलमी खरोखर चांगलं, डास कमी झालेले असतात; कुकर न्या. वावोनाला गेलात तर दरीसाठी एक पूर्ण दिवस ठेवा आणि सकाळी आठच्या आत दरीत पोचा, नाहीतर पार्किंग शोधण्यात दुपार होते. ज्याच्या नावावर जागा आहे तो माणूस ओळखपत्रासह स्वतः हजर लागतो, तेव्हा बुकिंग भावाच्या नावाने करून भावाला घरी ठेवू नका. जागा मिळाली नाही तर गाडीत आडवं होऊन रात्र काढू म्हणाल, तर तेही चालत नाही. रेंजर काचेवर टकटक करतात. आणि नोव्हेंबरात अप्पर पाइन्समध्ये जागा बऱ्यापैकी सुखाने मिळते. आम्ही तेव्हा जात नाही, कारण थंडी असते.

एक विनंती मात्र मनापासून. ज्यांनी हौसेने दोन-दोन ठिकाणी जागा धरून ठेवल्या आहेत आणि ज्यांना आता एकीकडे जायचं नाही, त्यांनी ती वेळेत रद्द करावी. दहा डॉलर कापले जातात, त्यापेक्षा जास्त काही नाही. रद्द झालेली जागा पुन्हा तक्त्यावर येते आणि तिच्यासाठी लोक सकाळ-संध्याकाळ फोनवर टक लावून बसलेले असतात. अप्पर पाइन्स असेल तर उत्तम, पण कुठलंही चालेल. शनिवार-रविवार हवा. माणसं सहा, आणि शिकागोची मावशी.